वाहन चालवण्याच्या परवान्याची मुदत संपण्याआधी नागरिकाला कळवावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुरू झाली, तेव्हा आमच्या विद्यालयाच्या बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, कागदपत्रे तपासून फाइलीला लावण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. गाडीचा विमा, फिटनेसचा दाखला, पी.यू.सी. आणि चालकाचे लायसन टेबलावर मांडून मी एकेक तारीख वहीत उतरवून घेत होतो. चालकाचे लायसन अजून तीन वर्षे वैध होते. मदतीला बसलेल्या नव्या शिक्षकाला लायसनावर मुदतीची तारीख नेमकी कुठे छापलेली असते ते दाखवावे, म्हणून मी माझ्या पाकिटातले कार्ड काढले आणि त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. तिथे मार्च २०२४ असे होते. माझ्या लायसनाची मुदत संपून चौदा महिने उलटून गेले होते आणि त्याचा मला पत्ताही नव्हता.

या चौदा महिन्यांत मी रोज अकरा किलोमीटर स्कूटर चालवत शाळेत गेलो आणि परत आलो. आईला डोळ्यांच्या तपासणीला नेले, पत्नीला मागे बसवून गणपतीच्या दिवसांत नातेवाइकांकडे गेलो, विद्यार्थ्यांना वक्तृत्व स्पर्धेसाठी मोटारीतून पणजीला नेले. माझ्या लायसनाबद्दल कोणी विचारले असते, तर माझी सगळी कागदपत्रे चोख आहेत असे मी छातीठोकपणे सांगितले असते. चूक माझी आहे. तारीख कार्डावर छापलेली होती आणि ती वाचण्याची जबाबदारी माझी होती, हे मी आधीच मान्य करतो. तरीही हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, गेल्या काही आठवड्यांत या विषयाची चौकशी करताना माझ्यासारखे अनेक जण भेटले आणि त्यातला एकही जण बेफिकीर म्हणावा असा नव्हता.

माझी गफलत कशी झाली ते सांगतो, कारण पन्नाशीच्या आसपासच्या अनेकांची ती तशीच झालेली असणार. मी १९९६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी लायसन काढले. त्या वेळी ते वीस वर्षांसाठी मिळाले. २०१६ मध्ये त्याचे नूतनीकरण केले आणि आता पुन्हा वीस वर्षे बघायला नको, अशी खूणगाठ मनाशी बांधून कार्ड पाकिटात ठेवून दिले. प्रत्यक्षात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील तेव्हाची तरतूद वेगळी होती. वीस वर्षे किंवा वयाची पन्नास वर्षे पूर्ण होण्याचा दिवस, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंतच परवाना वैध राहत असे. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी नूतनीकरण केलेल्या मला वीस नव्हे, तर आठच वर्षे मिळाली होती. पन्नासाव्या वाढदिवसाला घरच्यांनी माझे औक्षण केले, त्याच सुमारास माझे लायसन संपले.

पुढे १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यातील दुरुस्त्या लागू झाल्या आणि हा हिशेब बदलला. आता तिशीच्या आत परवाना काढणाऱ्याला तो वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत मिळतो. तीस ते पन्नास या वयात काढला किंवा नूतनीकरण केले, तर दहा वर्षांसाठी मिळतो. पन्नास ते पंचावन्न या वयात नूतनीकरण करणाऱ्याला तो साठाव्या वर्षापर्यंत वैध राहतो आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. म्हणजे एका घरात वडील, मुलगा आणि सून अशी तीन लायसने असली, तर तिघांच्या मुदतींचे गणित तीन तऱ्हांनी मांडावे लागते. त्यात वडिलांचे लायसन जुन्या हिशेबाने दिलेले आणि मुलाचे नव्या. अशा परिस्थितीत घरातल्या कोणालाही आपली तारीख तोंडपाठ नसणे हे मला तरी आश्चर्याचे वाटत नाही.

याच दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी बदलल्या आणि त्यांची वार्ता सामान्य माणसापर्यंत फारशी पोचलेली नाही. पूर्वी मुदत संपल्यानंतरही परवाना तीस दिवस प्रभावी मानला जात असे. ती सवलत काढून टाकण्यात आली. दुसरे असे की, मुदत संपून पाच वर्षे होईपर्यंत पूर्वी परीक्षा न देता नूतनीकरण होत असे. ही पाच वर्षांची मर्यादा आता एका वर्षावर आली आहे. एका वर्षाहून अधिक काळ लोटला, तर वाहन चालवून दाखवण्याची परीक्षा पुन्हा उत्तीर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. दंडाच्या वाढलेल्या रकमांची चर्चा गोव्यात भरपूर झाली. १ एप्रिल २०२२ पासून त्या आपल्याकडे लागू झाल्या, तेव्हा चहाच्या गाड्यापासून विधानसभेपर्यंत त्याच विषयावर बोलले जात होते. हेल्मेट नसेल तर हजार रुपयांचा तालांव, म्हणजे दंडाची पावती, मिळतो हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. परंतु तीस दिवसांची सवलत गेली हे मी विचारलेल्या कोणालाच ठाऊक नव्हते. उलट, ‘महिनाभर चालते, घाबरू नका’ असेच मला चौघांनी सांगितले, आणि त्यात एक जण वकिलाच्या कार्यालयात काम करणारा होता.

हा प्रश्न नुसत्या कागदाचा नाही. वैध परवाना नसताना वाहन चालवल्यास कायद्याच्या कलम १८१ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अशा व्यक्तीच्या हाती आपले वाहन देणाऱ्या मालकावरही कलम १८० खाली तशीच कारवाई होऊ शकते. तालांव भरून माणूस मोकळा होतो. अपघात झाला तर काय, या विचाराने मात्र मला त्या रात्री झोप लागली नाही. चालकाकडे वैध परवाना नव्हता असे निष्पन्न झाले, तर जखमी व्यक्तीला किंवा मृताच्या कुटुंबाला भरपाई देऊन ती रक्कम नंतर वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये विमा कंपनीला देत आली आहेत. विम्याचा हप्ता दरवर्षी वेळेवर भरणाऱ्या माणसावर केवळ एका विसरलेल्या तारखेमुळे लाखो रुपये भरण्याची पाळी येऊ शकते. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरात ती रक्कम उभी करायची म्हणजे राहते घर नाहीतर वाडवडिलांचे कुळागर (माडा-पोफळीची बाग) विकणे आले.

माझे चौदा महिने झाले असल्यामुळे मला परीक्षा द्यावी लागली. अर्ज परवान्यांच्या ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर भरला, विलंबाचे अतिरिक्त शुल्क भरले आणि दिलेल्या दिवशी स्कूटर घेऊन मैदानावर हजर झालो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पांढऱ्या रंगाने आखलेला इंग्रजी आठचा आकडा पाण्याखाली मधेमधे दिसेनासा होत होता. रांगेत बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांची मुले होती आणि त्यांतल्या दोघांना मी सातवीत शिकवले होते. त्यांनी मला पुढे जाण्याची विनंती केली, मी नम्रपणे नकार देऊन माझ्या जागी उभा राहिलो. पाय जमिनीला न टेकवता तो आकडा दोनदा पूर्ण करायला एक मिनिटही लागले नसेल. तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळ्यांना सारख्याच सौजन्याने वागवले, हे मुद्दाम नमूद करतो. ते कायद्याप्रमाणे वागत होते आणि त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही.

माझ्यामागे सत्तरीच्या जवळ आलेले एक शेतकरी उभे होते. रोज पहाटे दुधाचे कॅन स्कूटरला बांधून ते डेअरीच्या केंद्रावर नेतात. त्यांचे लायसन संपून तीन वर्षे झाली होती, आणि हे त्यांना कळले ते मुंबईहून आलेल्या नातवाने सहज म्हणून आजोबांचे कार्ड हातात घेऊन पाहिले तेव्हा. प्लास्टिकच्या जुन्या पिशवीत, रेशनकार्डाच्या घडीत, त्यांनी ते कार्ड जपून ठेवले होते. मला ते म्हणाले, ‘सर, गाडी चालते आहे म्हणजे लायसनही चालते आहे, असेच मी समजत होतो. मला इंग्रजी वाचता येत नाही. कोणी सांगितले असते तर मी दुसऱ्याच दिवशी आलो असतो.’ आठचा आकडा काढताना वळणावर त्यांचा पाय जमिनीला लागला आणि त्यांना पुन्हा बोलावण्यात आले. पन्नास वर्षे गाडी चालवलेला तो माणूस मुलांच्या देखत मान खाली घालून स्कूटर ढकलत बाहेर नेत होता. त्या दिवशी त्यांचा नातू त्यांना मागे बसवून घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध कसे पोचले असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

नूतनीकरणाची गरजच काय, ते रद्दच करून टाका, असे काही जण म्हणतात. त्यांच्याशी मी मुळीच सहमत नाही. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला नूतनीकरणासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. हा नमुना आपण कधी नीट वाचत नाही, पण तो वाचण्यासारखा आहे. अर्जदाराला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येतात का, स्वच्छ उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, त्याला रातांधळेपणा आहे का, हॉर्नसारखे आवाज ऐकू न येण्याइतका बहिरेपणा आहे का, हे डॉक्टरांनी पाहून लिहायचे असते. मी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी मला खरोखरच अंगणात उभे करून फाटकाबाहेर थांबलेल्या गाडीचा नंबर वाचायला सांगितले. मला शेवटचे दोन आकडे वाचता आले नाहीत. चष्म्याचा नंबर बदलला होता आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती. नवा चष्मा आणून पुन्हा गेलो, तेव्हाच त्यांनी सही केली.

वाहतुकीच्या सिग्नलवर किंवा नाक्यावर कोणी आपले डोळे तपासत नाही. सामान्य चालकाच्या आयुष्यात, ‘तुला समोरचे दिसते का’ हा प्रश्न सरकार फक्त नूतनीकरणाच्या वेळी विचारते. पावसाळ्याच्या रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा, रस्त्यावर बसलेली गुरे, कडेचे न दिसणारे खड्डे यांतून आपल्याला गाडी काढावी लागते. त्या चौदा महिन्यांत मी संपलेल्या लायसनानेच नव्हे, तर अपुऱ्या दृष्टीनेही गाडी चालवत होतो, आणि माझ्या मागे कुणाचे तरी मूल बसलेले होते. म्हणून मुदत संपण्याच्या आधी माणसाला बोलावून घेणे हे त्याच्या सोयीइतकेच रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी निगडित आहे, असे मला तळमळीने सांगावेसे वाटते.

माझी मुख्य मागणी साधी आहे. प्रत्येक परवान्याची मुदत कोणत्या दिवशी संपते, हे सरकारच्या संगणकात नोंदलेले असते. ती तारीख येण्याच्या तीन महिने आधी आणि पुन्हा एक महिना आधी परवानाधारकाला कळवण्याची व्यवस्था वाहतूक खात्याने करावी. गाडीचा विमा संपत आला की महिनाभर आधीपासून संदेश येऊ लागतात, एजंटाचे फोन येतात, आणि एखाद्याने फोन उचलला नाही तर तो घरीही येतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला हयातीच्या दाखल्याची आठवण बँक करून देते. विजेच्या बिलाची तारीख मोबाइलवर येते. ज्या कागदाच्या अभावी माणूस कायद्याने गुन्हेगार ठरतो, त्या कागदाची आठवण मात्र मला कोणीच दिली नाही. माझ्या परवान्याच्या नोंदीत माझा आजचा मोबाइल क्रमांकच नव्हता, हे मला अर्ज भरताना समजले. २०१६ मध्ये जो क्रमांक मी वापरत होतो तो केव्हाच बंद झाला आहे. तेव्हा संदेश पाठवला गेला असता, तरी तो मला मिळाला नसता. म्हणून मोबाइल क्रमांक अद्ययावत करण्याची मोहीम ही पहिली पायरी ठरावी आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही किंवा ज्यांची नोंद जुनी आहे, त्यांच्या पत्त्यावर साधे पोस्टकार्ड जावे. पोस्टमन आजही आमच्या वाड्यावरच्या प्रत्येक घरात पोचतो.

हा संदेश कोकणी आणि मराठीतही असावा. १९८७ च्या आपल्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा आहे आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा आहे. लायसनाच्या कार्डावर मात्र सगळा मजकूर इंग्रजीत असतो. शिवाय, खासगी वाहनांसाठीची आणि व्यावसायिक वाहनांसाठीची वैधता ‘एन.टी.’ आणि ‘टी.आर.’ अशा दोन संक्षेपांपुढे वेगवेगळी छापलेली असते. दुधाचे कॅन नेणाऱ्या आजोबांनी, किंवा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या काकूंनी, त्यातून आपली तारीख कशी शोधून काढावी? आमच्या बालरथाच्या चालकाला आपली तारीख पाठ असते, दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकल पायलटांनाही असते, कारण त्यांचे पोट लायसनावर आहे आणि त्यांना ते दर पाच वर्षांनी करावेच लागते. विसर पडतो तो शिक्षकाला, शेतकऱ्याला आणि धंद्यासाठी नव्हे तर घरच्या बाजारासाठी गाडी काढणाऱ्या गृहिणीला.

गोव्यात आणखी एक मोठा वर्ग असा आहे ज्याला या माहितीची तातडीने गरज आहे. आपली कितीतरी मुले बोटीवर नोकरीला आहेत किंवा आखातात आहेत. सहा, आठ, नऊ महिने ती घरी नसतात आणि त्या काळात लायसनाची मुदत संपते. परत आल्यावर विमानतळावरून घरी पोचतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढतात. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, ही तरतूद कायद्यात स्पष्ट आहे. बोटीवर रुजू होण्याआधी सी.डी.सी. (खलाशाचे नोंदपुस्तक) आणि पासपोर्टच्या तारखा पाहणाऱ्या मुलाने लायसनाची तारीखही पाहून घेतली, तर तो निर्धास्तपणे जाऊ शकतो. पण ‘रिन्यू’ हा शब्दच आपल्या डोक्यात असा बसला आहे की, वस्तू संपल्याशिवाय ती रिन्यू करायची नसते, असे लोकांना वाटते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मी हे सांगितले, तेव्हा दोन महिने उरले असताना अर्ज केला तर दोन महिने फुकट जातील, अशी त्याला भीती होती. दोन महिन्यांपेक्षा मुदत उलटून जाणे अधिक महागात पडेल, हे पटल्यावर त्याने त्याच संध्याकाळी अर्ज भरला. शिवाय वेळेत नूतनीकरण करणाऱ्याला फारशी धावपळही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ३ मार्च २०२१ रोजी ज्या अठरा सेवा आधार-पडताळणीच्या आधारे कार्यालयात न जाता देण्याचे ठरवले, त्यांत चाचणीची गरज नसलेल्या परवान्याच्या नूतनीकरणाचाही समावेश आहे. उशीर करणाऱ्याला मात्र मैदान गाठावेच लागते.

ही माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. ‘स्वयंपूर्ण गोवा’ कार्यक्रमात पंचायतीला भेट देणारे ‘स्वयंपूर्ण मित्र’ म्हणून नेमलेले सरकारी अधिकारी आहेत. ग्रामसभेला लोक जमतात. वर्षातून एकदा पंचायतीच्या सभागृहात परवाना नूतनीकरणाचे शिबिर घ्यावे, तिथे संगणकावर अर्ज भरून द्यावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तिथेच नेत्रतपासणी करून नमुना १-अ द्यावा. यातली नेत्रतपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिबिराच्या घाईत शंभर कागदांवर न पाहता सह्या होणार असतील, तर अशी शिबिरे न भरलेलीच बरी. वीस जणांची तपासणी झाली तरी चालेल, पण प्रत्येकाला पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचायला लावावी.

काही गोष्टी राज्य सरकारच्या हातात नाहीत. तीस दिवसांची सवलत परत आणायची, तर कायद्यात दुरुस्ती करावी लागेल आणि ती संसदेतच होऊ शकते. गोव्याच्या खासदारांनी हा प्रश्न तिथे मांडावा, अशी माझी विनंती आहे. केंद्राने आजवर परिस्थिती पाहून सवलती दिल्याच आहेत. कोविडच्या काळात १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेल्या कागदपत्रांची वैधता वेळोवेळी वाढवत शेवटी ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेण्यात आली. ‘सारथी’ पोर्टल ३१ जानेवारी ते १२ फेब्रुवारी २०२४ या काळात नीट चालत नव्हते, तेव्हा त्या दिवसांत मुदत संपलेल्या परवान्यांना २९ फेब्रुवारीपर्यंत वैध मानण्यात आले. यंत्रणा बंद पडली की सरकार नागरिकाला मुदत वाढवून देते, हे योग्यच आहे. मग आजारपणात अंथरुणावर असलेला, घरात मृत्यू झालेला किंवा समुद्रात बोटीवर अडकलेला माणूस तीस दिवसांच्या सवलतीला पात्र का असू नये? निदान ज्याने मुदतीपूर्वी अर्ज करून शुल्क भरले आहे, त्याचा परवाना नवे कार्ड हाती येईपर्यंत वैध धरला जावा, एवढी तरतूद तरी व्हावी.

आमच्या गावातून संध्याकाळची शेवटची बस साडेसातला जाते आणि रविवारी तीही असेलच असे नाही. रात्री कोणाला ताप आला, तर ज्याच्या घरात गाडी आहे आणि ती चालवणारा माणूस आहे, त्याचाच आधार सगळ्या वाड्याला असतो. लायसन संपले म्हणून गाडी घरात ठेवा, असे म्हणणे शहरात सोपे आहे. गावात त्यामुळे दूध, औषध, शाळा आणि नोकरी अशी सगळीच कामे अडतात, आणि मग बहुतेक माणसे अडण्याऐवजी तशीच गाडी चालवत राहतात. वेळेत कळवले तर त्यांच्यावर ती पाळी येणार नाही.

माझे नवे लायसन गेल्या आठवड्यात पोस्टाने आले. त्यावर २०३४ ची तारीख आहे, आणि ती मी दिनदर्शिकेच्या मागे, पत्नीच्या आणि मुलीच्या लायसनांच्या तारखांशेजारी लिहून ठेवली आहे. गेल्या दोन रविवारी मी वाड्यावरच्या घरी जाऊन, ज्यांनी दाखवली त्यांची लायसने पाहिली आणि तारखा वहीत उतरवून घेतल्या. तिघांची मुदत संपलेली निघाली. त्यांतल्या दोघांना अजून वर्ष झालेले नाही, त्यामुळे त्यांचे अर्ज मी शाळेच्या संगणकावर भरून दिले. तिसऱ्या आमच्या शेजारच्या काकू आहेत आणि त्यांना परीक्षा द्यावी लागणार आहे. शाळा सुटल्यावर मैदानात चुन्याने आठचा आकडा आखून आम्ही त्यांचा सराव घेत आहोत. त्यांच्या परीक्षेची तारीख पुढच्या मंगळवारी आहे.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक,
उत्तर गोवा